गोयी कथा गयी भाऊ?

एअर रायफल नवी, स्कोप नवा आणि रविवारची सकाळ. जळगाव-धुळ्याकडे एवढं जमलं की दहा मीटरच्या रेंजवर आपल्या पाठीशी चार माणसं उभी राहतातच. त्यातल्या तिघांनी आयुष्यात जत्रेतल्या फुग्यांपलीकडे काही फोडलेलं नसतं. पण पहिला छर्रा कागद सोडून गेला की चौघं एकदम अहिराणीत विचारतात, "गोयी कथा गयी भाऊ?" म्हणजे गोळी कुठे गेली?

प्रश्न रास्त आहे. त्याची उत्तरं मात्र सहा-सात ठिकाणी दडलेली असतात आणि माणूस नेमका शेवटच्या ठिकाणापासून शोधायला लागतो. स्कोपचा, म्हणजे नेमाच्या दुर्बिणीचा, नेम सरकवणाऱ्या नॉबवरचं टोपण काढतो आणि फिरवत सुटतो. माझं म्हणणं एवढंच आहे की नॉबचा नंबर सगळ्यांत शेवटी लागतो. पण हातात येण्याजोगी आणि कट्‌कट् आवाज करणारी वस्तू तेवढीच असल्यामुळे हे कुणाला पटत नाही.

तपास खोक्यापासून सुरू करावा. खोक्यावर '१००० फूट प्रतिसेकंद' असं ठळक छापलेलं असतं. शस्त्र नियम, २०१६ नुसार परवान्याशिवाय चालते ती एअर रायफल म्हणजे .१७७ इंच (४.५ मिलिमीटर) नळीची आणि २० ज्यूलच्या आतली. अर्ध्या ग्रॅमचा शिशाचा छर्रा खरोखरच १००० फुटांच्या वेगाने निघाला, तर गणित २३ ज्यूलवर जातं. म्हणजे एकतर खोकं थापा मारतंय, नाहीतर आपण परवाना लागणारी वस्तू खांद्यावर टाकून बसस्टँडवरून आलो. बहुतेकदा दोन्ही खरं नसतं. तो वेग ०.३५ ग्रॅमच्या हलक्याफुलक्या, शिसं नसलेल्या छर्‍यावर मोजलेला असतो आणि तसले छर्रे आपण घेतलेलेच नसतात. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा २०० मीटर प्रतिसेकंद वेगाने गेला तरी १० ज्यूल होतात, आणि कागद त्याहून जास्त काही मागत नाही.

आता सल्ल्यांचं बघू. भुसावळजवळ वरणगावला आयुध निर्माणी आहे, तिथे खरी काडतुसं बनतात. त्यामुळे आपल्या भागात दर तिसऱ्या माणसाचा मेहुणा 'फॅक्टरीत' असतो आणि त्या मेहुण्याच्या भरवशावर रेंजवर सल्ले मिळतात: "घट्ट धर, खांद्यात रुतव." काडतुसाच्या रायफलीला हे ठीक असेल. स्प्रिंगच्या एअर रायफलीचं वागणंच वेगळं. ट्रिगर दाबला की स्प्रिंग जड पिस्टनला पुढे फेकते, म्हणून बंदूक आधी मागे येते. पिस्टन टोकाला दाबलेल्या हवेवर आपटून थांबतो, तेव्हा बंदूक पुढे उडी मारते. हे सगळं घडायला लागतं तेव्हा छर्रा अजून नळीतच असतो. म्हणजे तो बाहेर पडेपर्यंत बंदूक जशी हलेल तशी त्याची दिशा ठरते, आणि तुम्ही दर वेळी वेगळं आवळलंत तर ती दर वेळी वेगळी हलते.

म्हणून पुढचा हात उघडा ठेवायचा. तव्यावरून उतरलेली कळण्याची भाकरी तळहातावर घेतात तशी रायफल घ्यायची, बोटं न मिटता. दस्ता खांद्याला नुसता टेकलेला. टेबलावर किंवा कडक वाळूच्या पिशवीवर नळी वा पुढचं लाकूड सरळ ठेवलं तर बंदूक त्यावरून उसळते. मध्ये तळहात किंवा मऊ पंचाची घडी हवी. ट्रिगर ओढल्यावर लगेच डोकं वर काढून बघायचा मोह आवरायचा. २०० मीटरच्या वेगाला दहा मीटर पार करायला सेकंदाचा विसावा भाग लागतो. तेवढा वेळ गालाने धीर धरावा.

धरणं जमलं तरी गोळ्या भटकतात, तेव्हा स्क्रू. हा सगळ्यांत मोठा गुन्हेगार, पण बिचारा दिसत नाही. त्या पुढच्या उडीच्या वेळी स्कोप आपल्या जागी राहू पाहतो, म्हणून बंदुकीच्या पाठीवरच्या रेलवर हळूहळू मागे सरकतो. रेलवर माउंटच्या (स्कोप धरणाऱ्या पकडीच्या) पुढे पेन्सिलची बारीक रेघ मारून ठेवा. पंधरा-वीस छर्‍यांनी रेघ आणि माउंट यांच्यात फट दिसली तर चोर सापडला. बहुतेक एअर रायफलींना ११ मिलिमीटरची खाच असलेली रेल असते. ती स्पिरिटने पुसून तेल काढायचं, मग माउंट बसवायचं. दोन सुट्या कड्यांपेक्षा सलग माउंट बरं, आणि त्याला अडणी पिन असेल तर ती रेलवरच्या भोकात उतरवायचीच. ती पिन 'जादा पार्ट' म्हणून खोक्यात ठेवून देणारे पुष्कळ आहेत.

स्कोप कड्यांत नुसता ठेवून आधी डोळ्याचं अंतर बघा. डोळे मिटून गाल दस्त्यावर टेकवायचा, मग डोळे उघडायचे. पूर्ण गोल चित्र दिसलं पाहिजे. साधारण आठ-नऊ सेंटिमीटर अंतर पडतं. चंद्रकोर दिसली तर मान लांब करू नका, स्कोप सरकवा. भिंतीवर दोऱ्याला नट बांधून ओळंबा सोडा आणि स्कोपमधली उभी रेघ त्याला जुळवा. मग कड्यांचे स्क्रू आडवेतिडवे, एकेक पाव फेरा, दोन्ही बाजूंची फट सारखी राहील असे आवळा. ॲलन की लांब टोकाने धरली तर हाताला भीमाचं बळ येतं आणि स्कोपच्या नळीला खळगा पडतो. आखूड टोक धरून बसेल तेवढं पुरे. आणि लाकडाचे स्क्रू विसरू नका. पुढच्या बाजूचे दोन आणि ट्रिगरच्या कडीचा एक हेच आधी ढिले होतात.

स्कोपही एअर रायफलसाठीचाच हवा. काडतुसाच्या रायफलीचा साधा स्कोप मागचा धक्का सोसतो, हा उलटा झटका त्याच्या आतल्या भिंगांना नवीन असतो. शिवाय असे बरेच स्कोप १०० यार्डांवर जुळवलेले असतात. दहा मीटरवरचा कागद त्यात धूसर दिसतो आणि डोकं जरा इकडेतिकडे झालं की नेमाची फुली कागदावर फिरते. पुढच्या भिंगाचं कडं फिरवून अंतर जुळवता येणारा स्कोप १० यार्डांपर्यंत खाली येतो, म्हणजे नऊ मीटर, म्हणजे आपलं काम भागतं. नऊपट मोठं करून बघण्याचा हट्ट नको. छर्रा आहे तिथेच लागतो, फक्त स्वतःच्या छातीचे ठोके मोठे दिसतात. चारपट भरपूर.

नवी रायफल पहिल्या काही छर्‍यांना धूर सोडते, जळक्या तेलाचा वास येतो आणि आवाज फटाक्यासारखा फुटतो. मागचे चौघं खूश होतात: "ताकद शे भाऊ!" ताकद नसते ती. कारखान्यातलं तेल पिस्टनपुढे दाबल्या गेलेल्या गरम हवेत पेटत असतं. या काळात वेग दर वेळी बदलतो, म्हणून धूर थांबेपर्यंत झीरो करणं (फुली जिथे तिथे छर्रा आणणं) म्हणजे छर्रे वाया घालवणं. त्या पोकळीत आणखी तेल सोडायचं तर अजिबात नाही. आणि रिकामी बंदूक फोडून दाखवायची नाही. छर्‍याशिवाय पिस्टनला हवेची पुरती उशी मिळत नाही, तो सरळ टोकावर आदळतो. नळी मोडून छर्रा घालताना दुसऱ्या हाताने नळी धरून ठेवा. ती मध्येच परत मिटली तर बोट वाचत नाही.

आता एकदाचा नॉब. आधी एकाच डबीतले पाच छर्रे, नॉबला हात न लावता. कागदासाठी सपाट तोंडाचे घ्या, भोक गोल आणि स्वच्छ पडतं. स्कर्ट, म्हणजे मागची पोकळ कड, दबलेले बाजूला काढा. पाचही भोकं एका जागी जमली तरच फिरवण्यात अर्थ आहे. पाव मिनिटाच्या (इथे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) स्कोपची एक क्लिक १० मीटरवर छर्‍याला ०.७ मिलिमीटर हलवते. ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, तीन सेंटिमीटर खाली असेल तर चाळीसेक क्लिक वर. लोक दोन क्लिक फिरवतात, फरक दिसत नाही म्हणून वैतागतात आणि मग एका दमात साठ. शंभर मीटरसाठी छापलेला आकडा दहा मीटरवर दहावा हिस्सा होतो, एवढंच ते आहे. गंमत अशी की दहा मीटर एअर रायफलच्या स्पर्धेतल्या कागदावर दहाचा ठिपका ०.५ मिलिमीटरचा असतो, म्हणजे आपल्या एका क्लिकपेक्षाही लहान. आणि त्या स्पर्धेत स्कोप चालतच नाही. अभिनव बिंद्राने २००८ साली बीजिंगला सुवर्ण घेतलं ते बारीक भोकातून बघून.

कधी वरचा नॉब संपतो, तरी छर्रा खालीच. यात स्कोपचा दोष नसतो. मोडणारी नळी मिटल्यावर रेलच्या मानाने किंचित खाली झुकते. मागच्या कडीत स्कोपखाली पातळ फिल्मची पट्टी घातली की छर्रा वर येतो. मुठीने नळी वाकवणारेही भेटतात, त्यांना चहाला पाठवावं.

शेवटी वहीत लिहायचं: छर्‍याचं नाव, वजन, डोक्याचा आकार (४.५० की ४.५१), अंतर, क्लिक. हात साबणाने धुवायचे, शिसं असतं, मग शेवभाजी. पुढच्या खेपेला दुकानात तीच डबी मागितली की दुकानदार दुसरीच पुढे करणार आणि म्हणणार, "मालक, माल तोच आहे, फक्त डबी बदलली." त्या डबीसाठी वहीत नवं पान काढा.