शत्रू पकडावा तो कॅलिफोर्नियाचा

भाऊ, इंटरनेटवर तुमचं तोंड कुणी दाबलं असेल, तर दाबणारा कॅलिफोर्नियात राहतो असं आधी जाहीर करून टाका. शत्रू लांबचा बरा. सकाळी दूध आणायला त्याच्या ओट्यावरून जावं लागत नाही.

पानठेल्यावर नाव घ्या आयकॅनचं. १९९८ साली निघालेली, कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसला बसलेली संस्था. वेबपत्त्याची शेवटची शेपटी, म्हणजे डॉट कॉम, डॉट इन, डॉट भारत, कुणाच्या नावे आहे याची मूळ वही तीच सांभाळते. जगाचा सातबाराच समजा. या वहीवर अमेरिकेच्या वाणिज्य खात्याची देखरेख होती, ती १ ऑक्टोबर २०१६ ला संपली. हे मात्र ठेल्यावर बोलू नका, नाहीतर "सगळं अमेरिकेच्या हातात हाये" हे वाक्य वाया जातं.

त्यापेक्षा तिजोरीचं सांगा. वहीवर शिक्का मारायची गुप्त किल्ली तिजोरीत असते. वर्षातून चारदा विश्वासातली माणसं जमतात आणि कॅमेऱ्यासमोर ती काढतात. फेब्रुवारी २०२० मध्ये तिजोरीचं कुलूपच अडकलं, सोहळा पुढे ढकलला, शेवटी ड्रिल लावून ते फोडलं. आमच्या ग्रामपंचायतीच्या कपाटाची किल्ली सचिवाच्या खिशात तालुक्याला निघून जाते, तेव्हा ड्रिल काही येत नाही. ग्रामसभा तहकूब होते.

फेब्रुवारी २०२२ च्या शेवटी युक्रेननं रशियाची शेपटी वहीतून खोडा म्हटलं. मार्चमध्ये आयकॅन नाही म्हणाली. चालू लढाईत ज्यांनी नाव खोडलं नाही, ते तुमचा पांदण रस्त्याचा फोटो खोडायला टपून बसलेत, हे ठासून सांगा. पुरावा कोणी मागत नाही, खर्रा मागतात.

फोटो माझाच होता. चिखलात आकापर्यंत रुतलेली बंडी, वर सोयाबीनचे कट्टे. गावाच्या ग्रुपवर टाकला आणि दहा मिनिटांत गायब. ॲडमिनचा फोन आला, "तुह्या फोटोपायी मी अंदर जाईन ना बे!" तुमच्यावर ही वेळ आली तर त्याला नागपूर खंडपीठाचा २०२१ चा निकाल मुळीच दाखवू नका. गोंदियाकडचंच प्रकरण होतं. सभासदानं काही टाकलं म्हणून केवळ ॲडमिन आहे एवढ्यावर तो गुन्हेगार ठरत नाही, असं कोर्ट म्हणालं. पण भीती काढून घेतली तर बिचाऱ्याला फोटो काढायचं खरं कारण सांगावं लागेल, आणि ते कारण त्याचा सख्खा काका आहे.

ठाण्यातून बोलावणं आलं तर कलम विचारू नये. नेटवर आक्षेपार्ह लिहिलं म्हणून पकडायचं आयटी कायद्यातलं ६६अ हे कलम सुप्रीम कोर्टानं २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. त्याखाली गुन्हे नोंदणं सुरूच आहे, हे २०२१ मध्ये ऐकून तेच कोर्ट थक्क झालं. यात थक्क होण्यासारखं काय? आजा मरून वीस वर्षं झाली तरी सातबारा त्याच्याच नावावर असतो की नाही!

आणि नेटच बंद केलं, तर वहीला हात लावायचीही गरज नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावती शहरात हिंसाचारानंतर ते बंद झालं, तो हुकूम काही लॉस एंजेलिसहून आला नव्हता. असे हुकूम लोकांसाठी प्रसिद्ध करा, असं सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२० मध्येच सांगितलंय. वेबसाइटवर बघा. नेट आलं की.

एवढं ऐकूनही खुमखुमी उरली असेल तर स्वतःचा पत्ता विकत घ्या. डॉट भारत २०१४ पासून देवनागरीत मिळतं. मी घेतला, पांदणीचा फोटो चढवला, दोन महिने झाले, कुणी हात लावला नाही. कुणी पाहिलाही नाही. गावाला लिंक द्यायची तर ती ग्रुपवरच टाकावी लागते, आणि ग्रुपवर आता फक्त ॲडमिन लिहू शकतो.