विंगेतला आवाज

परवा भाच्याबरोबर कॅप्टन अमेरिकाचा २०११ सालचा सिनेमा पुन्हा पाहिला. संपल्यावर तो सहज म्हणाला, "मावशी, असा कोणी आपल्या गोव्याचा का नाही गं?" आठवडाभर तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. गोव्याचा सुपरहिरो आणि त्याचा सिनेमा कसा असावा, ते आज लिहायला बसले आहे. पोस्ट लांब होणार, वेळ काढून वाचा.

त्या सिनेमात मला ढालीपेक्षा सुरुवातीचा किडकिडीत मुलगा आवडतो. सैन्यभरतीला पुन्हा पुन्हा जातो आणि प्रत्येक वेळी नापास होतो. डॉक्टर त्याला निवडतो ते त्याच्या स्वभावावरून, दंड मोजून नाही. त्याहून मोठी गोष्ट त्याच्या जन्मतारखेत आहे. जो सायमन आणि जॅक कर्बी या न्यूयॉर्कच्या दोन ज्यू तरुणांनी त्याला कागदावर आणला. मुखपृष्ठावर हिटलरला ठोसा मारणारा पहिला अंक डिसेंबर १९४० मध्ये स्टॉलवर आला. पर्ल हार्बर झालं ७ डिसेंबर १९४१ला. म्हणजे अमेरिका युद्धात उतरायच्या जवळजवळ वर्षभर आधी या दोघांनी आपली बाजू घेतली होती. त्यांना धमक्याही आल्या.

मला आपल्या सिनेमासाठी ढाल नको, तो काळ हवा. देश अजून आला नाही, पण आपण आधीच ठरवलेलं आहे, असा काळ. आणि तो गोव्याकडे चौदा वर्षांचा आहे. १५ ऑगस्ट १९४७ला सगळा देश मोकळा झाला आणि आपण १९ डिसेंबर १९६१पर्यंत थांबलो. सैन्य आलं आणि दोन दिवसांत काम झालं, एवढंच शाळेत शिकवतात. सिनेमा काढायचा तर त्याच्या आधीच्या वर्षांवर काढा. रणगाडे शेवटच्या दहा मिनिटांत आले तरी चालतील.

आता हिरो. माझे आजोबा गावच्या नाटकांत प्रॉम्प्टर होते. डिचोलीच्या आसपास जत्रेतलं नाटक असलं की विंगेत स्टुलावर बसलेले, हातात वही, बाजूला कंदील. लहानपणी मी त्यांच्या पायाशी गोणपाटावर बसून कितीतरी नाटकं पाहिली, म्हणजे नटांच्या पाठी पाहिल्या. त्यांची करामत अशी, की नट वाक्य विसरला तर त्यांचा आवाज फक्त त्या नटाच्या कानात पोचायचा. पहिल्या रांगेतल्या माणसालाही कळायचं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "सगळ्यांना ऐकू गेलं तर त्याची अब्रू जाते. आपण त्याला सांभाळायला बसलोय."

माझा सुपरहिरो हा प्रॉम्प्टर आहे.

१९५४ साल. पंचवीस-सव्वीस वर्षांचा मुलगा, दम्याचा त्रास, रंगमंचावर उभं राहायची छाती नाही. कंपनीची सगळी नाटकं पाठ, पण लोकांनी त्याचं तोंड कधी पाहिलेलं नाही. त्या वेळी नाटकाची संहिता आधी सेन्सॉरकडे जायची. लग्नाची निमंत्रणपत्रिकासुद्धा शिक्क्याशिवाय छापता येत नव्हती. म्हणजे याच्या हातातली वही हीच पोलिसांच्या नजरेतली वस्तू. एका रात्री नाटक चालू असताना पोलीस येतात, नायकाचं काम करणाऱ्या नटाला मेकअपसकट उचलून नेतात. हा विंगेतच बसून राहतो, हलत नाही. त्याच रात्री घरी, अंधारात, तो नटाचं नाव घेऊन त्याचं पुढचं वाक्य पुटपुटतो. आणि कित्येक मैलांवर आग्वाद किल्ल्यातल्या तुरुंगाच्या कोठडीत त्या नटाला ते ऐकू येतं.

एवढीच त्याची शक्ती. ज्याचं नाव माहीत आहे त्याच्या कानात, कितीही दूर असला तरी, बोलता येतं. उडणं नाही, भिंती फोडणं नाही. किंमतही आहे: ज्याच्या कानात बोलतो त्याच्या अंगावर पडणारा मार यालाही लागतो. दम्याच्या पोराला. म्हणून प्रत्येक वेळी बोलायचं की नाही हे त्याला ठरवावं लागतं, आणि सिनेमाचं नाट्य त्या ठरवण्यात आहे.

आसनोड्याच्या बाळा मापारींचं नाव इथे घ्यायलाच हवं. फेब्रुवारी १९५५ मध्ये कोठडीतल्या छळाने त्यांचा जीव गेला, पण साथीदारांची नावं त्यांनी सांगितली नाहीत. गोवा मुक्तिलढ्याचे पहिले हुतात्मे. असा माणूस आत एकटा असताना त्याच्या कानाशी कोणीतरी "हांव आसां", म्हणजे 'मी आहे', एवढंच म्हणतं, असा एक प्रसंग मला पडद्यावर पाहायचाय. संगीत नको, संवाद नको, तेवढे दोन शब्द.

मग गोव्याच्या हद्दीवरची पत्रादेवी. १५ ऑगस्ट १९५५, निःशस्त्र सत्याग्रही हद्द ओलांडून येतात आणि पोर्तुगीज गोळ्या घालतात. पंजाबचा कर्नैलसिंग बेनिपाल तिथेच पडला. सिनेमात हा मुलगा झाडीत लपून सगळं पाहतोय, बंदुका कुठे लावल्यात हे त्याला दिसतंय, पण तो कुणालाच सावध करू शकत नाही. समोरच्या एकाचंही नाव त्याला माहीत नाही. कोण कुठल्या प्रांतातून आलेले, आपल्यासाठी आलेले, आणि आपल्याला त्यांची नावंसुद्धा ठाऊक नाहीत. तिथून पुढे तो नाटकाच्या वहीच्या कोऱ्या पानांवर नावं लिहायला लागतो. मध्यंतर इथे. माझ्या मते सगळ्या सिनेमाचा कणा ही वही आहे.

पोशाखाबद्दल. कृपा करून त्याला तिरंगी घट्ट कपडे घालू नका. कमरेखाली तिरंगा वापरणं हा आपल्याकडे कायद्याने झेंड्याचा अपमान आहे, आणि त्या काळच्या गोव्यात झेंडा बाळगला तरी तुरुंग होता. १९५४च्या १५ ऑगस्टला तेरेखोल किल्ल्यावर आल्फ्रेड आफोन्सो आणि त्यांच्या साथीदारांनी तो फडकवला, तेव्हा जिवावर उदार होऊन फडकवला. म्हणून झेंडा अख्ख्या सिनेमात एकदाच दिसू दे, कुणाच्या तरी शिदोरीच्या फडक्याखाली घडी घातलेला.

पोशाख आपल्याकडे आधीच आहे. आपला राखणदार, गावाची राखण करणारा देव! खांद्यावर कांबळ, हातात दांडा, पेटती चूड, पायांत चामड्याची वहाणं. रात्री गावाच्या शिवेवरून फिरतो, आणि फिरून फिरून वहाणा झिजतात म्हणून लोक त्याला नव्या वाहतात. म्हापशाच्या बोडगेश्वरापुढे हिंदूही हात जोडतात आणि ख्रिश्चनही. आमचा प्रॉम्प्टर देव नाही, देवाचा अवतारही नाही. पण रात्री बाहेर पडताना तो नाटकाच्या पेटाऱ्यातलं राखणदाराचं कांबळ पांघरतो, कारण पोलिसांतले स्थानिक शिपाई त्या आकृतीला पाहून आपसूक बाजूला होतात. कुणाच्या श्रद्धेची थट्टा न करता हे दाखवता येईल, आणि तसंच दाखवायला हवं.

खलनायकावर मी सगळ्यात जास्त विचार केलाय. टोपीवाला गोरा पाखला, म्हणजे पोर्तुगीज, दाखवणं सोपं आहे. पण त्या काळी इथल्या माणसांच्या अंगावर काटा आणणारं नाव होतं पोर्तुगीज पोलिसांचा एजंट कासिमिरो मोंतेरो, आणि त्याचा जन्म गोव्यातला. इथे कैद्यांचे हाल करणारा हाच माणूस पुढे १९६५ साली पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचे विरोधक जनरल उंबेर्तो देल्गादो यांच्या हत्येत सामील होता. आपला खलनायक त्याच्यासारखा हवा. नाव बदला, पण माती हीच ठेवा. त्याला कोंकणी येते, आपल्या शिव्या येतात, जत्रेतलं खाजं आवडतं. हिरोला त्याचं कागदावरचं नाव माहीत आहे, पण त्या नावाने आवाज पोचतच नाही. शेवटी एका म्हाताऱ्या बाईकडून त्याचं घरचं नाव कळतं, आई हाक मारायची ते. हाणामारी नको, स्फोट नकोत. बंद खोलीत बसलेल्या त्या माणसाच्या कानात ते नाव येतं, पुन्हा येतं, आणि त्याची बंदूक धरलेली बोटं सैल होतात. ही भूमिका जितेंद्र जोशीला द्या. २०२१च्या इफ्फीत, म्हणजे आपल्या पणजीतल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, त्याने उत्कृष्ट अभिनेत्याचा रौप्य मयूर घेतलाय. त्याच्या चेहऱ्यात गोडवा आणि धाक एकाच वेळी राहतात, आणि इथे तेच हवं.

नायिका रेडिओवरची. २५ नोव्हेंबर १९५५ पासून मुक्तीपर्यंत वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सीमेपलीकडच्या रानातून 'सोडवणेचो आवाज' चालवला, कोंकणीतून आणि पोर्तुगीजमधून. साप, पाऊस, एकांत, आणि रोज ठरल्या वेळी बातम्या. लिबियाबाईंना २०२५ साली पद्मश्री मिळाली तेव्हा वयाची शंभरी गाठली होती. इतकी वर्षं यावर भव्य सिनेमा कसा झाला नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. आपल्या कथेत या दोघांवरून सुचलेली एक ख्रिश्चन मुलगी आहे. ती सगळ्यांशी बोलते, आमचा मुलगा एकेकाशी. सहा वर्षं दोघं एकमेकांचा आवाज ओळखतात, भेट होत नाही. ही मुलगी तियात्राच्या, म्हणजे आपल्या कोंकणी नाटकाच्या, रंगमंचावरून घ्या. तिचं पोर्तुगीज आणि तिची कोंकणी दोन्ही अस्सल हवी, मुंबईत आठ दिवस शिकवून ते येणार नाही.

भाषेचं सांगायलाच हवं, कारण इथे वाद होतील. सिनेमा एका भाषेत करू नका. आमच्या घरात बोलणं कोंकणी, भजन आणि नाटक मराठी, कचेरीत तेव्हा पोर्तुगीज. माझे आजोबा आजीशी भांडायचे कोंकणीत आणि विंगेतून सांगायचे मराठीत, आणि त्यांना त्यात कधी काही वेगळं वाटलं नाही. पडद्यावरही तसंच ठेवा. खाली अक्षरं द्या, डबिंग करू नका.

बाकीची माणसं भरभर सांगते. नाटक कंपनी चालवणारी बाई वर्षा उसगांवकर, आपल्या गोव्याच्याच; त्यांना भारदस्त, करड्या केसांच्या भूमिकेत पाहायचंय. गव्हर्नर वास्सालो इ सिल्वा कोणी पोर्तुगीज नटच करू दे, आणि त्याला राक्षस करू नका: शेवटपर्यंत लढून मरा असा सालाझारचा हुकूम होता, तो न पाळता त्याने शरणागतीवर सही केली आणि मायदेशी त्याची शिक्षा भोगली. पार्श्वसंगीताला घुमट, शामेळ, कासाळें ही आपली वाद्यं. शंभर व्हायोलिनं नकोत. आग्वादचा तुरुंग आता संग्रहालय झालाय, तिथे परवानगी काढून खऱ्या कोठड्यांत चित्रण करा.

एक भूमिका मात्र भरभर सांगण्यासारखी नाही. सांगलीहून आलेला मराठीचा मास्तर. मोहन रानडे सावईवेऱ्यात मराठी शिकवायला आले आणि आझाद गोमंतक दल या सशस्त्र क्रांतिकारी संघटनेतून पोलीस चौक्यांवर चालून गेले. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या चौकीवरच्या हल्ल्यात गोळ्या लागून पकडले गेले. त्यांना पोर्तुगालला नेलं. गोवा १९६१ला सुटला, पण रानडे सुटले जानेवारी १९६९ मध्ये. सात वर्षं आपण मोकळ्या हवेत मतदान करत होतो, आणि ते लिस्बनजवळच्या कैदेत होते. आपल्या कथेत असा एक मास्तर आहे, तो ओम भूतकरने करावा. याच मास्तराने आमच्या प्रॉम्प्टरला लहानपणी नाही, पण मोठेपणी, नीट उभं राहून बोलायला शिकवलंय.

शेवट असा. १९ डिसेंबर १९६१. रेडिओवरची ती मुलगी ध्वनिक्षेपक लावलेल्या विमानातून पणजीवर घिरट्या घालत सांगते की गोवा मुक्त झाला. हे खरंच घडलंय, लिबियाबाई आणि वामनराव त्या विमानात होते. खाली रस्त्यावर आमचा मुलगा मान वर करून ऐकतोय. आज आवाज सगळ्यांना जातोय, आपल्याला बोलायची गरज नाही. लोक नाचताहेत. तो घरी येतो, वही काढतो, एकेका नावावर रेघ मारतो. एक नाव राहतं. मास्तराचं. तो दार लावतो, कांबळ पांघरतो आणि पश्चिमेकडे तोंड करून बसतो. मधे अख्खा समुद्र. श्रेयनामावली त्याच्या पुटपुटण्यावर सुरू होऊ दे.

आणि हिरो कोण, हे अजून सांगितलं नाही. मोठा नट नको. मुंबईचा नको, पुण्याचा नको. गेल्या वर्षी आमच्या इथल्या जत्रेत नाटक होतं, मी सवयीने विंगेकडे डोकावले. एक बारीक मुलगा, चष्मा, वही मांडीवर, मोबाइलच्या उजेडात. तिसऱ्या अंकात म्हाताऱ्या नटाची वाचा बसली. सत्तरीचे गृहस्थ, उभे थरथरत होते. मुलाने वही खाली ठेवली, त्यांच्याकडे पाहिलं आणि ओठ हलवले. मी चार हातांवर होते, मला काही ऐकू आलं नाही. म्हाताऱ्यांनी वाक्य पूर्ण केलं, टाळ्या घेतल्या. कोणी हा सिनेमा करणार असेल तर मला कळवा. मी त्या मुलाच्या घरी घेऊन जाईन.