'उशा मांडणारे' : एका प्रतिक्रियेला उत्तर

इंटिरियर स्टायलिंगमध्ये, म्हणजे तयार झालेली खोली फोटोसाठी सजवून मांडण्याच्या कामात, सुरुवात कशी करावी, या माझ्या लेखावर एका वाचकांची लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. दोन ओळींत उत्तर देऊन भागलं असतं. पण ती वाचून काही मुलामुलींनी 'मग आम्ही काय करायचं?' असं विचारलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

प्रतिक्रियेत मुद्दे असे आहेत. पदवी नसली तरी या कामात शिरता येतं, असं लिहिणं बेजबाबदारपणाचं आहे. सॉफ्टवेअरच्या यादीत रेव्हिट नाही. स्वतःच्या घराचे फोटो म्हणजे पोर्टफोलिओ नव्हे. सुरुवातीच्या कमाईबद्दल मी मूग गिळून बसले आहे. आणि मग हे वाक्य: "ताई, ज्यांना डिझाइन झेपत नाही ते उशा मांडायला लागतात आणि त्याला स्टायलिंग म्हणतात, फ्लोरेन्स नोलनेसुद्धा स्वतःला डेकोरेटर म्हणवून घ्यायला नकार दिला होता, जरा वाचा."

रेव्हिटचं, म्हणजे इमारतीचं त्रिमितीय मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरचं, आधी मिटवते. बरोबर आहे, यादीत हवं होतं. मोठ्या कामांवर आर्किटेक्ट, एसीवाले, इलेक्ट्रिकलवाले सगळे एकाच मॉडेलवर असतात, तिथे ते यावंच लागतं. स्टायलिस्टला ते उघडायची वेळ क्वचितच येते, पण यादीत घालायला माझं काय जात होतं? घातलं. आभार.

आता ते वाक्य. 'ताई' म्हणायचं आणि त्याच दमात टपली मारायची, ही तऱ्हा मला चांगली परिचयाची आहे. कामाच्या साइटवर ती रोज अनुभवली आहे. मतभेद असू द्या, खुशाल असू द्या. पण 'जरा वाचा' हे ज्याने सगळं वाचलंय त्याने म्हणावं, आणि तुम्ही अर्धंच वाचलेलं दिसतंय.

कारण फ्लोरेन्स नोल या विसाव्या शतकातल्या अमेरिकी डिझायनरचं बोलणं तिथे संपत नाही. आपण डेकोरेटर नाही असं ती म्हणाली खरी, पण पुढे हेही म्हणाली की सजावट करते ती फक्त स्वतःच्या घराची. तिला राग उशांचा नव्हता. आर्किटेक्चर शिकलेली बाई, तीही मीस व्हान डेर रोहसारख्या नामवंत आर्किटेक्टच्या हाताखाली. तिच्या प्लॅनिंग युनिटमधली, म्हणजे नोल कंपनीत ऑफिसांची आतली रचना करणाऱ्या विभागातली माणसं ऑफिसात कोण कुठे बसतं, कुणाला काय लागतं, हे आधी विचारून घेत आणि मग आराखड्याला हात लावत. एवढं करूनही लोक तिला 'पडदे निवडणारी' समजत. चीड त्याची होती. म्हणजे तुमच्या वाक्यातला जो तुच्छ सूर आहे, नेमका त्याच सुराला तिने दिलेलं ते उत्तर होतं. आणि ते तुम्ही मलाच ऐकवताय!

बरं, तीच नोल काम कसं करायची? आराखड्याच्या छोट्या नकाशावर प्रत्यक्ष कापडाचे तुकडे, लाकडाच्या चकत्या, फिनिशचे नमुने चिकटवायची. क्लायंटला खोलीचा पोत आणि रंग हाताला लागावेत म्हणून. आज प्रत्येक स्टायलिस्ट मटेरियल बोर्ड म्हणून जे करतो, त्याचीच ही आधीची पिढी. कापड बघून खोली ठरवणं हे तिला कमीपणाचं वाटलं नाही. तुम्हाला का वाटावं?

नावंच घ्यायची तर मीही एक घेते. एल्सी डी वुल्फ. रंगभूमीवरची नटी. डिझाइनची पदवी नाही, ड्रॉइंगचं शिक्षण नाही. 1905 मध्ये न्यूयॉर्कच्या कॉलनी क्लब या बायकांच्या क्लबचं आतलं काम तिच्याकडे आलं आणि 1907 मध्ये तो क्लब उघडला. त्या काळातल्या काळपट, जडजड, मखमलीने गच्च भरलेल्या खोल्यांच्या जागी तिने फिके रंग, फुलाफुलांचं सुती कापड आणि बागेतल्यासारखी लाकडी जाळी आणली. हा धंदा पैसे घेऊन करायचा व्यवसाय म्हणून उभा राहिला, त्यात तिचा वाटा फार मोठा आहे. तिलाही 'झेपत नव्हतं' म्हणून ती उशा मांडत होती काय?

आणि उशा मांडणं म्हणजे नेमकं काय, हेही एकदा सांगूनच टाकते.

एक बैठकीची खोली घ्या. डिझायनरने सगळं चोख केलंय. सोफा आणि सेंटर टेबलमध्ये 400 ते 450 मिलिमीटर, म्हणजे गुडघे अडत नाहीत आणि कपासाठी पुढे झुकावंही लागत नाही. ये-जा करायला 900 मिलिमीटर मोकळे. राहायला उत्तम. पण कॅमेरा लावला की तीच खोली विखुरलेली दिसते. वाइड लेन्स जवळचं टेबल मोठं करते, सोफा मागे ढकलते आणि मधली फट उगीचच रुंद वाटायला लागते. मग टेबल सोफ्याला एवढं भिडवायचं की प्रत्यक्षात तिथे कुणाला पाय ठेवता येऊ नये. कॅमेरा खाली घेतला की टेबलावरच्या बुटक्या वस्तू एका रेषेत चेपतात, उंच काही ठेवलं तर ते मागच्या खिडकीची कड कापतं. लँप 2700 केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) पिवळा, खिडकीतला दुपारचा उजेड 5500 च्या आसपास. कॅमेऱ्याला दोन्ही एकदम पांढरे दिसत नाहीत, म्हणून एकतर लँपमागची भिंत नारिंगी होते नाहीतर पडदा निळा पडतो. लँप लावायचा, विझवायचा, की बल्ब बदलायचा? फोटोग्राफरशी बसून हे ठरवणारा माणूस म्हणजे तुमचा उशा मांडणारा.

तो उशाही मांडतो, हे नाकारत नाही. अभ्रा 450 मिलिमीटरचा असेल तर आत 500 ची उशी भरतो, नाहीतर कोपरे लोंबतात. पिसांची उशी मधोमध दाबली की तो आकार धरून ठेवते, फायबरची लगेच उसळून फुगते, म्हणून शूटला पिसांची नेतो. हे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये नाही, रेव्हिटमध्येही नाही.

आता 'झेपत नाही' याबद्दल. हे मला लिहावं लागतंय याचं वाईट वाटतं, पण लिहिते. मी सुरुवात स्टायलिंगने केली नाही. एका डिझाइन ऑफिसात मी बरीच वर्षं ड्रॉइंग काढली: फॉल्स सीलिंग, इलेक्ट्रिकल, वॉर्डरोबचे डिटेल. माझ्या ड्रॉइंगवर सही दुसऱ्याची असायची आणि साइटवर चूक निघाली की नाव तेवढं माझं निघायचं. तिथे एकदा एक ड्रॉवर कागदावर पूर्ण उघडत होता. प्रत्यक्षात शेजारच्या दाराची पट्टी जरा पुढे आलेली, ड्रॉवरचं हँडल तिला थडकायचं. ऑफिसात सगळे ड्रॉइंग पुन्हा पुन्हा तपासत बसले. मी टेप घेऊन साइटवर गेले, सुताराशी बोलले आणि हँडल काढून ड्रॉवरच्या दर्शनी फळीच्या कडेलाच खाच घेतली. संध्याकाळपर्यंत ड्रॉवर उघडला. तेव्हा मला काय झेपतं आणि काय नाही, हे टोपणनावाने लिहिणाऱ्यांनी ठरवू नये. मी डिझाइन सोडलं ते जमत नव्हतं म्हणून नाही. खोली पूर्ण झाल्यावर जे करायचं असतं, त्यात माझा जीव जास्त रमतो म्हणून सोडलं.

यावर तुम्ही म्हणाल, 'बघा, ताई साइटवरच शिकल्या.' म्हणा. हरकत नाही. मी नव्या मुलांना साइटवर जाऊ नका असं कुठे लिहिलंय?

पदवीचं थोडक्यात. भिंत पाडायची, वायरिंग फिरवायची, पाण्याची लाइन हलवायची, तर शिक्षण हवंच. अमेरिकेत इंटिरियर डिझायनरांसाठी एनसीआयडीक्यू नावाची पात्रता परीक्षा आहे, ती पूर्ण करायला शिक्षण आणि कामाचा अनुभव दोन्ही लागतात. योग्यच आहे. पण माझ्या लेखाच्या शीर्षकात 'स्टायलिंग' हा शब्द होता. हलवता येतील त्याच वस्तूंना हात लावणाऱ्या माणसाबद्दल मी लिहीत होते. शीर्षक वाचण्याइतका वेळ काढला असतात तर तुमचा निम्मा मजकूर वाचला असता, आणि माझाही.

कमाईबद्दल मी गप्प बसले नाही, आकडे दिले नाहीत एवढंच. आकडा माणसागणिक आणि कामागणिक बदलतो. मी एक लिहिला असता तर तुम्ही तो खोटा आहे म्हणून दुसरी प्रतिक्रिया लिहिली असती. पद्धत मात्र लिहिली होती: डिझायनर क्षेत्रफळावर, टक्क्यांवर किंवा ठोक रकमेवर काम घेतो, स्टायलिस्ट बहुधा दिवसावर. नवखे इथेच फसतात, कारण ते फक्त शूटचा दिवस धरतात. सामान गोळा करणं, भाड्याच्या वस्तूंचं डिपॉझिट, ओरखडा पडला तर भरपाई, दुसऱ्या दिवशी सगळं परत पोचवणं, हे सगळं फुकटात जातं. लेखात शेवटून दुसरा परिच्छेद. बहुतेक तिथवर आला नसाल.

राहिला पोर्टफोलिओ. ज्याच्याकडे अजून क्लायंट नाही, त्याने फोटो कुणाच्या घराचे काढायचे? तीच खोली, तोच सोफा, पण तीन वेगळ्या ढंगांनी मांडून दाखवता आली तर मासिकाच्या संपादकाला कळायचं ते कळतं. ज्या मुलांनी विचारलं होतं त्यांनी इथूनच सुरू करा: एक कोपरा, एकच खिडकी, सकाळी एकदा आणि दुपारी एकदा, कॅमेरा तिवईवर न हलवता. फोटो मला पाठवा, बघून सांगेन. आणि प्रतिक्रिया देणाऱ्या सद्गृहस्थांनीही पाठवायला हरकत नाही, त्यांच्या उशांसकट.