सोसायटीतल्या फौजीची निगा कशी राखावी

ठाण्याच्या घोडबंदर रोडला आता एवढे टॉवर उभे राहिलेत की कुठल्या ना कुठल्या विंगमध्ये एखादा रिटायर फौजी निघतोच. तुमच्याकडे निघाला तर घाबरू नका, चावत नाही. फक्त त्याला ठेवायची एक पद्धत असते आणि ती कुणी सांगत नाही, म्हणून मीच सांगतो, कारण मी स्वतः तसलाच एक नग आहे. १९९० ला भरती झालो, २८ वर्षं आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये, म्हणजे फौजेला माल पोचवणाऱ्या खात्यात, आधी ट्रक चालवले, मग दुसऱ्यांकडून चालवून घेतले आणि सुभेदार (जवानाच्या वर, ऑफिसरच्या खाली) होऊन घरी आलो. गाव साताऱ्याकडचं, पण पोरगा इकडे नोकरीला, म्हणून आम्ही दोघं आता कासारवडवलीत पंधराव्या मजल्यावर. म्हणजे माहिती आतल्या गोटातली आहे, बिनधास्त वापरा.

सुरुवात रँकपासून. सुभेदार हा शब्द ऐकला की गोंधळून जायचं. ठाणे जिल्हा पडला ना, इथे सुभेदार म्हटलं की लोकांना कल्याणचा सुभेदार आठवतो, आणि त्याच्याही आधी त्याची सून. एका काकांनी तर मला अगदी मनापासून विचारलं होतं की सुभेदार म्हणजे तहसीलदाराच्या वर का खाली. तेव्हा त्या भानगडीत पडूच नका, सरळ ‘कर्नलसाहेब’ म्हणून मोकळं व्हा. तो ‘अहो कर्नल नाही’ म्हणाला की बाजूच्याला सांगा, बघा किती साधा माणूस आहे. (खरा कर्नल शेजारच्या कॉम्प्लेक्समध्ये राहतो, त्याला तिथे सगळे मेजर म्हणतात. आम्ही दोघं सकाळी वॉकला भेटलो की आधी एकमेकांची रँक दुरुस्त करतो.)

मग पोरांना पुढे करा. पोरगं विचारेल, आजोबा तुम्ही किती जणांना मारलं? आता आमचं उत्तर शून्य. मी रॉकेल पोचवलं, अंडी पोचवली, कांदे-बटाटे, बूट, तोफेचे गोळे, सगळं पोचवलं. सियाचीनवर १९८४ पासून आपला माणूस बसलाय तो अर्धा रॉकेलवर बसलाय, तिथे प्यायचं पाणी म्हणजे बर्फ, आणि तो वितळवायचा तर स्टोव्ह पेटायला हवा, अंडं गोठून असं होतं की भिंतीवर मारलं तर भिंतीचा पोपडा निघेल. हे सगळं मी त्या पोराला चांगलं रंगवून सांगितलं. पोराने आईकडे बघितलं, आई म्हणाली, बेटा, अंकल किचन डिपार्टमेंटला होते. झालं, विषय संपला. तुम्हीही असाच संपवा, उगाच वेळ घालवू नका.

फौजीला स्वस्तात रम मिळवून देणाऱ्या कॅन्टीन कार्डाबद्दल जास्त बोलत नाही. सहा वर्षं लिफ्टमध्ये ज्याने मोबाईलमधून मान वर काढली नाही तो माणूस थर्टीफर्स्टच्या आधी बरोबर दारात येतो आणि देशाच्या सीमांपासून सुरुवात करून लडाखची थंडी वगैरे करत करत हळूच रमवर येतो. तुम्ही एवढा लांबचा वळसा घेऊ नका. सीमेवरून डायरेक्ट रमवर या, आम्हाला नाही म्हणायला सोपं जातं.

आता युद्ध. युद्ध लागलं की फौजीचा खरा सीझन, तेव्हा त्याला जरूर विचारा, फक्त ऐकू नका. ७ मे २०२५ ला ऑपरेशन सिंदूर झालं आणि आमच्या ग्रुपवर सकाळी सातच्या आत चौदा लष्करी तज्ञ ड्यूटीवर हजर, त्यातले दोन तर आदल्या आठवड्यापर्यंत पाण्याच्या टँकरचे तज्ञ होते. एकाने लिहिलं, लाहोर घेऊन टाका. असं लिहिलं जसं काही येता येता मार्केटातून कोथिंबीर घेऊन टाका. दुसऱ्या रात्री काही चॅनेलवाल्यांनी कराची बंदर उडवूनसुद्धा दिलं, सकाळी बघतो तर ते आपलं जागेवर. मग १० तारखेला संध्याकाळी पाच वाजता थांबलं, तर ग्रुपवर अशी काही सुतकी कळा की विचारू नका, अजून दोन दिवस दिले असते तर, अजून दोनच दिवस. मी न राहवून विचारलं, दोन दिवसांना गाड्या किती लागतील, गोळे कुठून भरणार, रिकाम्या गाड्या परत कुठल्या रस्त्याने येणार? माझा स्वभावच तो, कुणी नकाशावर बाण काढला की मला त्या बाणाखाली ट्रकची रांग दिसते. तिघांनी मला निगेटिव्ह म्हटलं. चौथ्याने हात जोडलेला इमोजी टाकला, तो माझ्यासाठी होता की देशासाठी ते कळलं नाही.

त्याच आठवड्यात सेक्रेटरींना हुरूप आला. देशभर मॉक ड्रिल झालं होतं, तर आपल्या सोसायटीतही ब्लॅकआउट करू, कर्नलसाहेब, तुम्ही गाइड करा. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. दोन दिवस खपून नोटीस काढली, लिफ्ट कधी बंद, जिन्यात कोण उभं राहणार, म्हातारे आणि लहान पोरं कुठे, सगळं लिहिलं. रात्री आठला भोंगा वाजला, दहा मिनिटांत सगळे टॉवर काळेकुट्ट. आणि पुढच्याच क्षणी प्रत्येक बाल्कनीत एकेक मोबाईल पेटला, फ्लॅश लावून, अंधार कसा झालाय त्याचा व्हिडिओ काढायला. खाली उभं राहून वर बघितलं तर दिवाळी. सेक्रेटरी म्हणाले, रिस्पॉन्स जबरदस्त आहे हां साहेब.

यावर एक आठवण सांगतो, पण तुम्ही मात्र फौजीला आठवणी सांगू देऊ नका, थांबत नाही तो. १९९९ चा जून, कारगिलचं युद्ध चालू. मी तेव्हा नाईक, म्हणजे सुभेदाराच्या बऱ्याच खालची रँक, हाताखाली शक्तिमान ट्रक, मागे बोफोर्सचे गोळे. झोजिला खिंड उतरून द्रासकडे जायचं आणि वर तोलोलिंगच्या डोंगरावर पाकिस्तानी बसलेले, रस्ता त्यांना तळहातासारखा दिसायचा. म्हणून जायचं रात्री, हेडलाइट बंद. आपल्या ट्रकच्या मागच्या डिफरन्शियलचा, म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधला, गोळा पांढरा रंगवलेला असतो आणि त्यावर वरून एक बारीक बल्ब, बाकी काही नाही. तेवढा पांढरा ठिपका बघत मागच्याने चालवायचं. ठिपका लांब गेला तर आपण मागे पडलो, मोठा झाला तर आपण ठोकणार. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काही नाही. पूर्ण रांगेत हॉर्न नाही, कुणी बिडीसुद्धा पेटवली नाही. पुढच्याची गाडी बंद पडली तर शिव्या न घालता उतरून धक्का. १३ जूनला तोलोलिंग घेतलं पलटणींनी, नावं त्यांचीच लागणार, लागायलाच हवीत. आम्ही त्या रात्री ठिपका बघत होतो.

असा ठिपका बघितलेला माणूस घोडबंदर रोडला आणून सोडला की काय होतं ते आता बघा.

मागच्या पावसाळ्यात गायमुखच्या अलीकडे आमची रिक्षा दीड तास एकाच होर्डिंगसमोर उभी. तीन बीएचके, निसर्गाच्या कुशीत, पंधरा मिनिटांत ठाणे स्टेशन. समोर खड्डा, मध्ये मेट्रोचे खांब, डावीकडे जेएनपीटीहून गुजरातकडे निघालेले कंटेनर, आणि हे एक लक्षात ठेवा, पूर्ण रस्त्यात सरळ रांगेत उभे होते ते फक्त ते कंटेनरवाले, ज्यांना ट्रॅफिकसाठी आपण रोज शिव्या घालतो. बाकी सगळे कार आणि बाइकवाले उलट्या बाजूने घुसून समोरच्याची वाट अडवून बसलेले आणि वरून सगळ्यांचे हाय बीम. माझ्यातला नाईक जागा झाला. उतरलो, पावसात, छत्री बगलेत, आणि एक बाजू थांबवून दुसरी सोडायला लागलो. झोजिलावर हेच करतात, आधी एकीकडच्या गाड्या, मग दुसरीकडच्या, वाहतूक चालू राहते, त्यात काही रॉकेट सायन्स नाही. दहा मिनिटांत चाळीसेक गाड्या निघाल्या असतील. तेवढ्यात एक पांढरी एसयूव्ही उलट्या बाजूने थेट माझ्या गुडघ्यापर्यंत आली. काचेवर लाल अक्षरात ‘आर्मी’. मला भरून आलं, आपला माणूस. जवळ जाऊन विचारलं, साब, युनिट कौनसी? काच चार बोटं खाली आली. म्हणाला, अंकल, मेव्हण्याचा मित्र आहे एअरफोर्सला, येऊरला. बाजूला व्हा ना, उशीर होतोय.

झालो बाजूला. तुम्हीही तो स्टिकर घेऊन टाका, ऑनलाइन सहज मिळतो. २८ वर्षांत मला त्याचा कधी उपयोग झाला नाही पण तुम्हाला होईल.

पोरांना भरतीला घालावं का, असंही लोक विचारतात. कुणाच्या पोरांना ते आधी ठरवा. जून २०२२ ला अग्निपथ आलं तेव्हा सगळ्यात खूश आमची मॅनेजिंग कमिटी होती. चार वर्षं, त्यातले २५ टक्के आत राहणार, बाकीचे ११.७१ लाख घेऊन घरी. खजिनदारांनी मीटिंगमध्येच हिशोब मांडला की एवढी ट्रेन्ड, शिस्तीची पोरं एकदम बाहेर आली की सिक्युरिटीचा रेट उतरेल, मेंटेनन्स कमी होईल. मग माझ्याकडे बघून म्हणाले, तुम्ही पण तसे फिटच आहात हो, गेटवर सुपरव्हायजर म्हणून, घरबसल्या टाइमपास. त्यांचा स्वतःचा मुलगा कॅनडाला आहे. थंडी फार आहे म्हणे तिकडे, आई रोज रडते.

शेवटची गोष्ट झेंडा, आणि इथे मात्र फौजीला पर्याय नाही. कारण गाठ. झेंड्याची घडी घालून आत फुलं ठेवून वर अशी गाठ मारायची की एक टोक ओढलं की अलगद सुटली पाहिजे आणि दुसरं ओढलं की अजून आवळली पाहिजे. खरं तर १५ ऑगस्टला झेंडा खालून वर चढवतात आणि २६ जानेवारीला आधीच वर बांधलेला उलगडतात, पण आमच्याकडे दोन्ही वेळा वरच बांधतात कारण फुलं पडली नाहीत तर फोटो येत नाही. गाठ मी मारतो. ओढतात पाहुणे. गेल्या १५ ऑगस्टला पाहुण्यांनी चुकीचं टोक धरलं, मी मागून हळूच सांगतोय, साहेब डावी, डावी, ते हसून कॅमेऱ्याकडे बघत उजवी खेचतायत, गाठ सुपारीएवढी झाली. स्पीकरवर राष्ट्रगीत लावलं तर तो कुणाच्या तरी घरातल्या फोनला जोडला गेला होता, त्यामुळे आधी कुकरच्या तीन शिट्ट्या आणि कुणाची तरी बायको, अहो ऐकलंत का. शेवटी मीच डावं टोक झटकलं, फुलं पडली, सगळे भारत माता की जय. ग्रुपवर फोटो आलाय त्यात माझा हात दिसतो, कोपरापर्यंत.

परवा सेक्रेटरींचा मेसेज आला. ‘जय हिंद कर्नलसाहेब. २६ तारखेला सकाळी साडेसातला गाठीसाठी यावे ही नम्र विनंती. आणि आदल्या रात्री तुमची गाडी जरा बाहेर सर्व्हिस रोडला लावा, पाहुण्यांना पार्किंग लागेल.’

गाडी लावलीये बाहेर. पार्किंग लाइट चालू ठेवलाय, उलटीकडून येणाऱ्याला दिसावी म्हणून.