रेझिनला हात लावलाय का, म्हणता?

नमस्कार 'कंपोझिटवाले',

नायटिनॉलच्या (ताणल्यावरही तापवली की मूळ आकारात परतणाऱ्या निकेल-टायटॅनियम मिश्रधातूच्या) वायरी कंपोझिटमध्ये (काचेचं कापड आणि रेझिन, म्हणजे तापवून घट्ट होणारा चिकट द्रव, यांच्या थरांत) पुरण्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : "ताणलेल्या वायरी ओव्हनमध्येच आखडतात, मग आकार बदलायला उरतं काय? थंड व्हायलाही त्या वेळ लावतात. बोइंगचं उदाहरण चुकीचं. लेखकानं कधी रेझिनला हात लावलाय का?"

शेवटचं वाक्य मनाला लागलं, म्हणून आधी तेच.

मी चार वर्षं पुण्यातल्या एका लॅबमध्ये लेअप, म्हणजे असे थर रचायचं काम, केलंय. केसाएवढ्या वायरी ४ टक्के ताणून लोखंडी चौकटीत दोन्ही टोकांना आवळायच्या, काचेच्या कापडाच्या थरांमध्ये बसवायच्या, मग व्हॅक्यूम बॅग आणि रात्रभर ओव्हन. एकदा एका कडेची वायरी आवळणारी पट्टी ओव्हनमध्येच सैल झाली. सकाळी बॅग फाडली तर पॅनल अर्धवट वाळलेल्या पापडासारखं एका कोपऱ्यात वळलेलं. त्या कडेला वायरींच्या रेषेनं पांढरे चट्टे होते, म्हणजे रेझिननं वायर सोडलेली. त्या पॅनलच्या कडा घासताना सोललेली बोटं माझीच होती. लेखात प्रश्न विचारायला कुणाची ना नाही, पण न ओळखता माणसाची लायकी काढायची ही कुठली पद्धत?

तेव्हा ओव्हनमधलं आखडणं मला तुमच्याकडून कळायचं नव्हतं. चौकट घट्ट असली तर वायर तापते, जोरात ओढते, पण तिची लांबी कमी होऊ शकत नाही. थंड होताना ती पुन्हा मार्टेन्साइटमध्ये (थंडपणीच्या मऊ, ताणता येणाऱ्या अवस्थेत) जाते आणि दिलेला ताण शाबूत राहतो. पुढे वीज सोडून तापवली की तीच ओढ इपॉक्सीवर, म्हणजे भोवतीच्या रेझिनवर, येते. व्हर्जिनिया टेकच्या क्रेग रॉजर्स यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस ही कल्पना मांडली. नासाच्या लँग्ली संशोधन केंद्रात ट्रॅव्हिस टर्नर यांनी काच-इपॉक्सीच्या तुळयांमध्ये नायटिनॉलच्या पट्ट्या पुरल्या, तेव्हा क्युअरिंगमध्ये (रेझिन तापवून घट्ट करताना) त्या धरून ठेवायची सोय केलीच होती. लेखात चौकटीवर अख्खा परिच्छेद आहे. तो तुम्ही वाचलेला दिसत नाही.

बोइंगचं मान्य. २००५ मध्ये ७७७ विमानावर तपासलेल्या शेव्हरॉनमध्ये (इंजिनाच्या मागच्या कडेवरच्या दात्यांमध्ये) नायटिनॉलच्या पट्ट्या कंपोझिटवर बसवल्या होत्या, आत पुरल्या नव्हत्या. लेखात दुरुस्ती केली आहे. थंड होण्याचं सगळ्यांनाच माहीत आहे, त्यावर वेळ घालवत नाही.

चौकटीत धरूनही ताण गेलेलं पॅनल तुमच्याकडे असेल तर फोटो टाका, नीट बघेन. नसेल तर माझ्या हातांची चौकशी नको.