राणी व्हायचंय? आधी सही घोटून घ्या

राणी होऊ इच्छिणाऱ्या मुलींना लोक भलतेच सल्ले देतात. घोड्यावर बसायला शिक, चार भाषा शिक, दरबारात मान ताठ ठेव. स्कॉटलंडच्या मेरी स्ट्युअर्टला हे सगळं येत होतं. उंची सहा फुटांच्या आसपास, नाच उत्तम, शिकारीचा नाद, फ्रेंच तर आईचीच भाषा. भरतकाम असं की अजून संग्रहालयांत जपून ठेवलंय. तरी ८ फेब्रुवारी १५८७ च्या सकाळी फॉदरिंगे किल्ल्यात तिचं डोकं उडवलं गेलं. का? तर या गुणांचा राणीपदाशी फारसा संबंध नसतो. संबंध असतो कागदाशी. कुठे सही करायची, कुठे टाळायची आणि दुसऱ्याने केलेली कुठली सही आपल्या गळ्याशी येणार, हे ज्याला कळलं तो तरला. तुम्हाला तरायचं नसेल, मुकुट पद्धतशीर घालवायचा असेल, तर मेरीबाईंसारखा गुरू शोधून सापडायचा नाही.

सुरुवात शक्य तितकी लवकर करा. मेरीबाई ८ डिसेंबर १५४२ ला जन्मल्या आणि १४ तारखेला वडील वारले. म्हणजे सहाव्या दिवशी गादीवर. सात महिने होतात न होतात तोच पहिला कागद तयार: ग्रीनिचचा तह. त्यात तिचं लग्न इंग्लंडच्या आठव्या हेन्रीच्या मुलाशी ठरलं. स्थळ तालेवार, फक्त सासरेबुवांनी तोवर स्वतःच्या दोन बायकांची डोकी उडवली होती. स्कॉटिश पार्लमेंटने डिसेंबरात हा तह मोडीत काढला, तेव्हा मुलाकडच्यांनी सैन्य पाठवून एडिंबरा जाळलं. बोलणी फिसकटली की मानपानावरून रुसणारी व्याही मंडळी आपण पाहतो, ती त्या मानाने देवमाणसंच म्हणायची. शेवटी पोरीला पाचव्या वर्षी जहाजात बसवून फ्रान्सला पाठवून दिलं.

तिथे पंधराव्या वर्षी तिने स्वतःच्या हाताने पहिल्या मोठ्या सह्या केल्या, त्या बारकाईने अभ्यासा. फ्रान्सच्या युवराजाशी लग्न व्हायच्या वीस दिवस आधी, ४ एप्रिल १५५८ ला, सासऱ्याने तिच्यापुढे तीन गुप्त कागद ठेवले. पहिला म्हणजे सरळ बक्षीसपत्र: मी निपुत्रिक वारले तर स्कॉटलंड फ्रान्सच्या राजाला. दुसरं गहाणखत: माझ्यावर नि माझ्या राज्याच्या रक्षणावर झालेला खर्च फिटेपर्यंत स्कॉटलंडचा महसूल तुमचा. तिसऱ्यात लिहिलं होतं की यापुढे मी याच्या उलट काही कबूल केलं तर ते धरू नये. आणि मग तिने स्कॉटिश वकिलांना, देशाचं स्वातंत्र्य अबाधित राहील, असं जाहीर वचन दिलं. पंधरा वर्षांची मुलगी, सासरचा दिवाणखाना, समोर दौत. तिला दोष देण्यात अर्थ नाही. पण तुम्ही पंचेचाळीस वर्षांच्या असलात तरी असंच करा. घरातल्या मोठ्यांनी पुढे केलेला कागद वाचणं हे कुलीन स्त्रीला शोभत नाही.

पुढे सासरे घोड्यावरून भाल्याने झुंजायच्या खेळात जखमी होऊन गेले, नवरा राजा झाला आणि दीड वर्षाच्या आत कानाच्या दुखण्याने तोही गेला. मेरीचा अठरावा वाढदिवस तीन दिवसांवर होता. आई त्याच वर्षी जूनमध्ये वारली होती. हे सगळं तुम्हाला जमेलच असं नाही, नशिबाचीही साथ लागते.

आता जिथे सही करायला हवी तिथे हात आखडता घ्या. १५६० च्या एडिंबराच्या तहात इंग्रजांचं म्हणणं एवढंच होतं की मेरीने इंग्लंडच्या गादीवरचा दावा मिरवणं थांबवावं. तिने सही केली नाही. वर्षं गेली, वकील येऊन गेले, तिने काही सही केली नाही. इंग्लंडच्या गादीवर एलिझाबेथ होती, कॅथलिकांच्या हिशेबात अनौरस, आणि त्यामुळे त्यांच्या हिशेबात खरी राणी मेरी. आपल्या नात्याने पाहिलं तर एलिझाबेथ ही मेरीच्या वडिलांची मामेबहीण, म्हणजे आत्या. पत्रात मात्र दोघी एकमेकींना बहीण म्हणायच्या. आत्याला वयाची आठवण करून द्यायची नाही एवढं शहाणपण दोघींकडे होतं. गादीवर आपलाही डोळा आहे याची आठवण मात्र मेरी त्या न केलेल्या सहीतून रोज करून देत राहिली.

१५६१ च्या ऑगस्टमध्ये ती लीथ बंदरात उतरली. देश नुकताच प्रोटेस्टंट झालेला, राणी कॅथलिक, आणि जॉन नॉक्स नावाचे धर्मोपदेशक बायकांनी राज्य करणं हेच मुळात सृष्टीविरुद्ध आहे असं छापून मोकळे झालेले. तिने कुणाचा धर्म बदलायला लावला नाही, स्वतःपुरती प्रार्थना महालात केली, सावत्रभाऊ मोरे याच्या सल्ल्याने चार वर्षं राज्य बरं चालवलं. यात आपल्या कामाचं काही नाही. पुढे जाऊ.

नवरा निवडताना उंची बघा. हेन्री डार्नली उंच होता, देखणा होता, वीणेसारखं ल्यूट वाजवायचा. नात्याने आतेभाऊ. मामाची मुलगी करायची रीत आपल्याकडेही आहे, तेव्हा नात्याला नावं ठेवायला नको. तिकडे पोपची परवानगी लागायची. ती यायच्या आत, २९ जुलै १५६५ ला, लग्न उरकलं. मोरेने बंड केलं, तिने घोड्यावर बसून ते मोडलं, तो इंग्लंडला पळाला. मग कळलं की नवरोबांना नुसतं राणीचा नवरा म्हणून राहायचं नाही, हक्काचा मुकुट हवाय, आणि बाकी वेळ दारू हवीय. तिने मुकुट दिला नाही. डार्नली मग सरदारांच्या मेजावर गेला आणि तिथे त्याने सही केली.

या स्कॉटिश सरदारांचं कौतुक करावं तेवढं थोडं. खून करायचा तरी आधी रीतसर करारनामा लिहायचा, सगळ्यांनी खाली सह्या ठोकायच्या, म्हणजे उद्या कुणी ‘मी नव्हतोच’ म्हणायला नको. या वेळचा करार होता डेव्हिड रिझिओच्या खुनाचा. रिझिओ हा इटालियन गवई, राणीचा फ्रेंच पत्रव्यवहार पाहणारा सेक्रेटरी. ९ मार्च १५६६ ची रात्र, होलीरूडचा महाल. राणीच्या निजायच्या दालनाला लागून एक खोली आहे, चार-सहा माणसं बसली की भरली अशी. तिथे जेवण चाललेलं. राणी सहा महिन्यांची गरोदर. चोरजिन्याने डार्नली वर आला, तिच्याजवळ बसला. मागोमाग लॉर्ड रुथवेन, अंथरुणावरून उठून आलेला, चेहरा पांढराफटक, झग्याखाली चिलखत. त्याने रिझिओला बाहेर पाठवायला सांगितलं. मेज उलटलं. रिझिओने राणीचा घागरा घट्ट धरला, त्याची बोटं सोडवावी लागली, आणि फरफटत बाहेर नेऊन त्याच्या अंगावर पन्नासाहून जास्त वार केले. प्रेतात डार्नलीची कट्यार मुद्दाम ठेवून दिली. पावतीशिवाय व्यवहार नाही.

मेरीने काय केलं? त्याच नवऱ्याला दोन दिवसांत फितवून आपल्या बाजूला आणलं आणि रात्री त्याच्यासह घोड्यावरून डनबारचा किल्ला गाठला. सहा महिन्यांची गरोदर बाई! हे अनुकरणीय नाही, कारण याने मुकुट वाचतो. डार्नलीने मग, मला यातलं काही ठाऊक नव्हतं, असं जाहीर केलं. चिडलेल्या साथीदारांनी त्याच्या सहीचा करारनामाच राणीकडे पाठवून दिला.

जूनमध्ये मुलगा झाला, जेम्स. आणि १० फेब्रुवारी १५६७ च्या पहाटे दोनच्या सुमाराला, डार्नली आजारपणातून उठत होता ते कर्क ओ’फील्डचं घर बारुदाने उडालं. डार्नली सापडला बाहेरच्या बागेत, अंगात नुसता सदरा, शेजारी नोकर मेलेला. अंगावर भाजल्याची खूण नाही. या जागेचं रंगीत चित्र काढून तातडीने लंडनला धाडण्यात आलं. ते अजून आहे. झाडाखाली दोन देह आणि बाजूला नीट काढलेली खुर्ची, झगा, कट्यार. मेरी त्या संध्याकाळी नवऱ्यापाशी बसून मग नोकराच्या लग्नातल्या नाचाला गेली होती.

अशा वेळी काय करावं? एलिझाबेथने पत्र लिहून सांगितलं होतं: लोक म्हणतायत की तू खुन्यांना धरायचं सोडून बोटांच्या फटीतून बघतेयस, आपली अब्रू सांभाळ. सल्ला सोन्यासारखा होता, म्हणून अर्थातच मानू नका. सगळं शहर ज्याचं नाव घेत होतं त्या बॉथवेल नावाच्या सरदारावर खटला चालला तो मेलेल्याच्या बापाच्या फिर्यादीवरून. बॉथवेलची हत्यारबंद माणसं शहरभर, फिर्यादी बाप भीतीने आलाच नाही, आरोपी सुटला. आठवड्याच्या आत बॉथवेलने बिशप, अर्ल, लॉर्ड यांच्याकडून एका कागदावर सह्या घेतल्या: हा माणूस निर्दोष आहे आणि राणीने याच्याशीच लग्न करावं. त्यानंतर लगेच त्याने शेकडो स्वार घेऊन राणीची वाट अडवली आणि तिला डनबारला नेलं. ती राजीखुशीने गेली की जबरीने, यावर इतिहासकार अजून भांडतात. मला वाटतं, एवढ्या तलवारी समोर असताना राजीखुशीचा प्रश्न विचारणंच निर्लज्जपणाचं आहे. १५ मे ला लग्न लागलं, बॉथवेलच्या पहिल्या लग्नाचा काडीमोड होऊन दोन आठवडेही झाले नव्हते.

आणि मग ज्या सरदारांनी ‘याच्याशीच कर’ म्हणून सही केली होती त्यांतल्याच कित्येकांनी, ‘याच्याशी केलंच कसं’ म्हणून तलवार उपसली. कार्बेरी टेकडीपाशी त्यांनी झेंडा उभारला, त्यावर झाडाखाली पडलेला डार्नली आणि हात जोडून सूड मागणारा बाळ जेम्स. दोन महिन्यांपूर्वीची सही नि आजचा झेंडा, दोन्हींवर हात तेच. बॉथवेल घोड्यावर टांग मारून निघून गेला. पुढे डेन्मार्कच्या तुरुंगात मेला. मेरी लॉखलेव्हनच्या तळ्यातल्या किल्ल्यात. तिथे जुळ्यांचा गर्भपात होऊन ती अंथरुणावर असताना २४ जुलैला राजीनाम्याचा कागद आला. तिने सही केली. तेरा महिन्यांचं पोर राजा झालं, मोरे रीजंट, म्हणजे त्याच्या वतीने कारभार पाहणारा.

पुढच्या मे महिन्यात ती किल्ल्यातून निसटली, सैन्य जमवलं, लँगसाइडला हरली. आता फ्रान्सला जाता आलं असतं. तिथे तिची मालमत्ता होती, आजोळ होतं. पण मासेमारीच्या होडीतून ती इंग्लंडला गेली, आत्याकडे, मदत मागायला. ज्या तहावर आठ वर्षं सही दिली नाही तो जिच्याशी होता, तिच्याकडे. आत्याने तिला सुमारे एकोणीस वर्षं पाहुणी म्हणून ठेवून घेतलं आणि एकदाही भेटली नाही. मोरेने इंग्रजांपुढे चांदीची पेटी ठेवली: त्यात बॉथवेलला मेरीने लिहिलेली म्हणे आठ पत्रं. ती खरी की बनावट, हे आता ठरायचं नाही, कारण मूळ कागद नाहीसे झाले, उरल्या नकला. निकाल लागला तो असा की कुणावरच काही सिद्ध झालं नाही. मोरे पैसे घेऊन परत गेला, मेरी कोठडीत राहिली.

कोठडीत वेळ जात नसेल तर भरतकाम करा आणि सांकेतिक लिपीत पत्रं लिहा. तिची अशी पन्नासाहून अधिक पत्रं पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात भलत्याच नावाखाली पडून होती, ती २०२३ मध्ये उलगडली. म्हणजे लिपी चांगलीच होती. अडचण वेगळीच होती. १५८४ मध्ये इंग्लंडभर एक शपथपत्र फिरलं: एलिझाबेथविरुद्ध कट झाला, तर ज्याच्या फायद्यासाठी झाला त्यालाही मारू. हे कुणाला उद्देशून होतं ते शेंबड्या पोरालाही कळत होतं. आपली निष्ठा दाखवायला मेरीबाईंनी त्यावर स्वतःहून सही केली.

तिला कैदेत ठेवलं होतं त्या चार्टलीच्या घरी बिअरची पिंपं यायची. पत्र कातडी पुडक्यात गुंडाळायचं, पुडकं पिंपाच्या बुचात लपवायचं, उत्तर रिकाम्या पिंपातून बाहेर. व्यवस्था छान होती, फक्त ती एलिझाबेथच्या मंत्र्याने, वॉल्सिंगहॅमने, बसवून दिलेली होती. प्रत्येक पत्र आधी त्याचा माणूस फेलिप्स वाचायचा. एलिझाबेथला ठार करण्याच्या, बॅबिंग्टन नावाच्या कॅथलिक कटवाल्याच्या बेताला मेरीने १७ जुलै १५८६ ला उत्तर धाडलं, तेव्हा फेलिप्सने नकलेवर फाशीचा खांब काढून ती वर पाठवली. खटल्यात तिला वकील नव्हता, मूळ पत्रही दाखवलं नाही. पुन्हा नक्कलच.

एलिझाबेथने मृत्युदंडाच्या वॉरंटवर सही केली १ फेब्रुवारीला, आणि नंतर म्हणाली, मी ते पाठवायला कुठे सांगितलं होतं? सही केल्यावर मेरीवरच्या पहारेकऱ्याला, पॉलेटला, खासगीत उरकून टाकण्याचं सुचवून पाहिलं होतं. तो सरळ नाही म्हणाला. सही करावी तर अशी. तिकडे जेम्सने आईसाठी रागाचं पत्र लिहिलं आणि इंग्लंडकडून मिळणारी वर्षाची ४००० पौंडांची तैनात घेत राहिला. १६०३ मध्ये इंग्लंडची गादीही त्यालाच मिळाली. मग त्याने आईला वेस्टमिन्स्टरमध्ये आणून एलिझाबेथपेक्षा मोठं थडगं बांधलं.

हे वाचून राणी होण्याचा बेत रद्द करून सेक्रेटरीची नोकरी धरावी असं मनात येत असेल, तर थांबा. रिझिओचं काय झालं ते पाहिलंत. मेरीचे पुढचे सेक्रेटरी नाउ आणि कर्ल पकडले गेले आणि त्यांचेच जबाब तिच्याविरुद्ध वापरले. एलिझाबेथच्या सेक्रेटरीने, डेव्हिसनने, सही झालेला कागद नेऊन दिला, तर त्याला लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत टाकून १०,००० मार्क दंड ठोकला. त्यापेक्षा पिंपं पोहोचवणारा बर्टनचा तो बिअरवाला बघा. मेरी त्याला पैसे देत होती, वॉल्सिंगहॅमची माणसं देत होती, आणि काम अंगावर आलंय म्हणून त्याने वर बिअरचा भावही वाढवून मागितला. सही कुठेच केली नव्हती.