‘सायटो संपलं’ म्हणे!

गेले दोन-तीन आठवडे डीएमएलटीच्या, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाच्या, पोरांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. वर ‘अनेकदा फॉरवर्डेड’चा शिक्का, खाली लिहिणाऱ्याचं नाव नाही. मजकूर थोडक्यात असा: सायटोलॉजीच्या (मायक्रोस्कोपखाली पेशी तपासण्याच्या) वाटेला जाऊ नका. एचपीव्ही टेस्ट (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणारा विषाणू शोधणारी) आली, पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाच्या पेशी स्लाइडवर बघण्याची तपासणी) बंद होणार. उरलेलं एआय वाचेल. टेक्निशियनचं काम काय, तर स्लाइड रंगवणं. डॉक्टर नसलेल्याला शिकवायलाही कोणी बोलवत नाही. आणि सोलापुरात राहून तर काहीच नाही.

एका विद्यार्थिनीनं तो मला पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं, ‘मॅडम?’ त्या प्रश्नचिन्हाला हे उत्तर.

‘एचपीव्ही टेस्ट आली, म्हणजे सायटोलॉजी गेली.’

यातलं अर्धं खरं आहे, आणि ते सिद्ध झालं ते आपल्याच शेजारी. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि कर्करोग संशोधनाची आंतरराष्ट्रीय संस्था यांनी मिळून १९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक मोठी चाचणी सुरू केली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, त्यांचे चार गट. एका गटाला एचपीव्ही टेस्ट, दुसऱ्याला पॅप, तिसऱ्याला व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी, आणि चौथ्या गटाला नेहमीचे उपचार, वेगळी तपासणी नाही. २००९ मध्ये निकाल छापून आला. चौथ्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं ६४ बायका गेल्या होत्या, एचपीव्हीच्या गटात ३४. पॅपच्या गटात ५४. ६४ आणि ५४ यांतला हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. निरोगी बायकांमधून धोक्यातल्या वेगळ्या काढायला एचपीव्ही टेस्ट सरस, हे मी स्वतः वर्गात शिकवते. त्यात लपवण्यासारखं काय आहे?

पण मेसेजवाल्यानं पुढचं पान उलटलंच नाही. एचपीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू सापडला, कॅन्सर नव्हे. त्याच चाचणीत शंभरातल्या साधारण दहा जणी पॉझिटिव्ह निघाल्या होत्या. या दहांपैकी खरी काळजी कुणाची करायची, ते ठरवायचे जे मार्ग जागतिक आरोग्य संघटना सांगते, त्यांत सायटोलॉजीही आहे. म्हणजे पॅप रांगेत पहिला होता, तो दुसरा झाला.

आणि मुळात पॅप म्हणजे सायटोलॉजी हे कुणी ठरवलं? कुठल्याही सर्वोपचार रुग्णालयाच्या सायटोत सकाळी जाऊन उभे राहा. मानेतली गाठ, थायरॉइडची गाठ, स्तनातली गाठ, कानाखालची सूज, छातीतलं पाणी, पोटातलं पाणी, लघवी, पाठीच्या मणक्यातून काढलेलं पाणी. थायरॉइडच्या गाठीला एचपीव्ही टेस्ट काय सांगणार? मानेतल्या गाठीत बारीक सुई घातली आणि दह्यासारखा पांढरट माल सुईत आला की आमच्याकडे नजरेनंच ठरतं: एक स्लाइड टीबीच्या रंगाला, थोडा माल सीबीनॅटला, म्हणजे टीबीचे जंतू शोधणाऱ्या मशीनला. पोरगा कॉलेजचा असो की यंत्रमागावरचा, दोन दिवसांत त्याची औषधं सुरू होऊ शकतात. गाठ कापून बायोप्सी करायची वेळही बरेचदा येत नाही.

‘टेक्निशियन फक्त रंग लावतो.’

हे वाक्य लिहिणाऱ्याला एप्रिलमधली सोलापूरची दुपार दाखवायला हवी. बेचाळीस डिग्री, डोक्यावर पंखा गरगरतोय. डॉक्टरांनी सुई काढली, थेंब स्लाइडवर टाकला. दुसरी स्लाइड वर ठेवून हलक्या हातानं ओढायची. दाबली तर पेशी चिरडतात, रेंगाळलं तर रक्त गोठतं. पॅपच्या रंगासाठीची स्लाइड तत्क्षणी अल्कोहोलच्या जारमध्ये. उन्हाळ्यात ती जारपर्यंत पोचायच्या आत वाळते, म्हणून मी पोरांना सांगते की जार टेबलावर नको, हाताखाली हवा, आणि पंखा बंद. वाळलेल्या स्लाइडवर पॅप लावला की केंद्रकं फुगलेली, फिकट, पुसट दिसतात. साधी पेशीही मग संशयास्पद वाटते. एमजीजी या दुसऱ्या रंगासाठीची स्लाइड मात्र मुद्दाम वाळवायची. दोन्हींवर नंबर डायमंड पेन्सिलनं आधीच टाकलेला हवा, कारण नंतर कुठली कुणाची ते देवही सांगू शकत नाही.

समोर विडी वळणारी आजी बसलेली. थायरॉइडमध्ये सुई असताना तिनं गिळायचं नाही, बोलायचं नाही. मराठीत सांगितलेलं तिला कळलं नाही, ती घाबरून मान हलवायला लागली. माझी एक विद्यार्थिनी सोलापूरच्या पूर्व भागातली, घरी तेलुगू. ती आजीचा हात धरून म्हणाली, ‘अव्वा, मिंगकु.’ गिळू नको. आजी दगडासारखी बसली, आणि पहिल्याच टोचणीत भरपूर पेशी आल्या. हे रंग लावणं नव्हे.

‘एआय वाचेल.’

वाचेल ना, वाचू दे. मशीननं पॅप वाचण्याचा प्रकार आजचा नाही. न्यूरल नेटवर्कवर चालणाऱ्या पॅपनेटला अमेरिकेत १९९५ साली मान्यता मिळाली आणि १९९९मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली. २००३ साली मान्यता मिळालेलं दुसरं एक मशीन स्लाइडवरच्या २२ जागा निवडून देतं, आणि त्या २२ जागा बघतं माणूस. आताची मशीनं यापेक्षा खूप हुशार आहेत, हे मान्य. पण त्यांना स्लाइड नीट पसरलेली, नीट फिक्स झालेली लागते. वर सांगितलेली वाळलेली स्लाइड स्कॅन केली तर स्क्रीनवर वाळलेलीच दिसणार.

‘शिकवायला डॉक्टरच लागतो.’

रिपोर्टवर सही पॅथॉलॉजिस्टचीच, त्यात दुमत नाही. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये ते स्पष्टच केलं. पण सही वेगळी आणि शिकवणं वेगळं. इंडियन अकॅडमी ऑफ सायटोलॉजिस्ट्स १९७०पासून आहे, आणि ती सायटोटेक्निशियन व सायटोटेक्नॉलॉजिस्ट यांच्या स्वतंत्र परीक्षा घेते. २०२१च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्यात सायटोटेक्नॉलॉजिस्ट हा व्यवसाय नावानिशी आहे. मी डॉक्टर नाही. तरी दोन डोक्यांच्या मायक्रोस्कोपच्या पलीकडे नव्यानं आलेले रेसिडेंट डॉक्टर बसतात, आणि ‘सर, इथे थांबा, हा पेशींचा गठ्ठा परत बघा’ असं मी म्हणते, तेव्हा ते थांबतात. ज्यांच्या नावावरून ‘पॅप’ आलं ते पापानिकोलाऊ स्वतः गिनी पिगच्या पेशी बघत या विद्येत आले होते, रुग्ण तपासत नव्हे. नजर तयार होते ती हजारो स्लाइड कुणाच्या तरी शेजारी बसून बघितल्यावर.

‘सोलापुरात काही नाही.’

१९६३पासून इथं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, कुंभारीला दुसरं कॉलेज आहे, बार्शीला कॅन्सर हॉस्पिटल आहे. बार्शीत १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. आणखी काय हवं?

एक गोष्ट मात्र मेसेजनं लिहिली नाही, ती मीच लिहिते. पगार कमी आहे. नुसत्या सायटोची जागा खाजगीत क्वचित मिळते. सकाळी रक्त काढा, दुपारी बायोकेमिस्ट्री, मधे वेळ मिळाला तर सायटो, असंच बहुतेक ठिकाणी चालतं. म्हणून मुलाखतीला जाल तेव्हा पगाराबरोबर दोन गोष्टी विचारून घ्या: महिन्याला सुईच्या किती केसेस होतात, आणि रिपोर्ट गेल्यावर ती स्लाइड पॅथॉलॉजिस्टच्या शेजारी बसून बघायला मिळेल का. दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ आलं, तर दुसरी लॅब बघा.